गव्हाच्या दाण्यांतील पाण्याचा जमाखर्च

सोलापूर जिल्ह्यांत किंवा नगरच्या दक्षिणेकडील तालुक्यांत ज्यांचें घर आहे, अशा आमच्या वाचकांना पुढील देखावा नवा नाहीं. परतीचा पाऊस पडून जातो, काळ्या जमिनीला वाफसा येतो आणि शेतकरी पाभर चालवून रब्बीची ज्वारी पेरतो. त्यानंतर पीक हातीं येईपर्यंत, म्हणजे माघ-फाल्गुनापर्यंत, आभाळांतून बहुधा पाऊस असा पडत नाहीं. तरी ताट पुरुषभर वाढतें, कणीस बाहेर पडतें आणि दाणा भरतो. हें सगळें कोणत्या पाण्यावर? जमिनीनें पावसाळ्यांत पोटांत सांठविलेल्या ओलीवर. ती ओल म्हणजे त्या पिकाची साऱ्या हंगामाची शिदोरी होय. अर्ध्या वाटेंत ती संपली तर कणीस पोचट राहतें. शेवटच्या मुक्कामापर्यंत पुरली तर घरांत वर्षाचें धान्य येतें आणि दावणीला कडबा मिळतो. म्हणून पिकानें पाणी कसें खर्च करावें हा प्रश्न आमच्याकडे केवळ पंडितांच्या जिज्ञासेचा नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाची एक गोष्ट सांगणार आहों. ती घडली दूर ऑस्ट्रेलियांत, आणि ती ज्वारीची नसून गव्हाची आहे. परंतु तिचें दुसरें टोंक आमच्या काळ्या जमिनीपर्यंत येऊन पोंचतें, म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा.

आधीं पानाचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. झाडाचें बहुतेक वजन मातींतून येतें असा सामान्य समज आहे. तो खरा नाहीं. वाळलेलें ताट जाळून पाहिलें तर मूठभर राख उरते. मातीचा भाग काय तो तेवढाच. बाकीचें सर्व हवा आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या बळावर तयार झालेलें असतें. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हिला लागणारा कर्ब हवेंतील कर्बाम्ल वायूंतून मिळतो. या वायूला हल्लीं कार्बन डायऑक्साइड असेंच म्हणतात, आणि तो हवेच्या दहा हजार भागांत अवघा चार भागांहून किंचित् अधिक असतो. इतक्या विरळ वायूंतून कर्ब वेंचून घ्यावयाचा म्हणजे पानाला दारें उघडीं ठेवावीं लागतात. पानाच्या त्वचेवरील सूक्ष्म रंध्रें हींच तीं दारें. पण पानाचा आंतला भाग ओला असतो आणि बाहेरची हवा कोरडी. दार उघडतांच वायु आंत येतो तसा वाफेचा लोंढा बाहेर निघतो. वायूचा एक कण पानांत स्थिर होईपर्यंत पाण्याचे शेंकडों कण निसटून गेलेले असतात. दार लावून घेतलें तर पाणी वाचतें, पण चूल थंड पडते. तहान भागवावी कीं भूक, ही निवड करण्याची पाळी झाडावर रोज ऊन चढतांच येते.

या व्यवहाराचें माप घेण्याचा खटाटोप जुना आहे. इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें पुदिन्याचीं रोपें पाण्यांत वाढवून त्यांनीं किती पाणी घेतलें याचे आंकडे १६९९ सालीं प्रसिद्ध केले. आमच्या देशांत पुसा येथील कृषिरसायनज्ञ लेदर यांनीं १९१० व १९११ सालीं येथील पिकांना लागणाऱ्या पाण्याविषयीं निबंध लिहिले. त्याच सुमारास अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत अॅक्रन या गांवीं ब्रिग्ज व शान्त्झ या दोघांनीं निरनिराळीं पिकें झांकणबंद डब्यांत वाढविलीं. झांकण अशासाठीं कीं जें पाणी जाईल तें मातीवरून उडून न जातां केवळ झाडांतूनच जावें. डबे वरचेवर तोलून पाणी किती गेलें तें समजे, आणि शेवटीं झाड वाळवून तोललें म्हणजे कमाई किती झाली तें समजे. एक किलो कोरडें वजन तयार करण्यास गव्हानें सुमारें ५०० किलो पाणी घेतलें. ज्वारीनें घेतलें सुमारें ३००. हवा अधिक कोरडी असली तर हे आंकडे वाढतात, दमट असली तर उतरतात. पण दोन पिकांमधील अंतर कायम राहतें.

हें अंतर कां पडावें? पानांत कर्बाम्ल वायु पकडण्याचें काम रुबिस्को नांवाचें एक विकर करतें. पृथ्वीवरील बहुतेक अन्न याच एका द्रव्याच्या हातून जात असलें तरी कारागीर म्हणून तें बेताचेंच आहे. एक तर तें मंद. सेकंदाला तीनचार कण हातावेगळे केले म्हणजे झालें. दुसरें असें कीं कर्बाम्ल वायूऐवजीं प्राणवायु उचलण्याची चूक तें वारंवार करतें. तीनचार वेळां नीट काम झालें कीं एकदा चूक व्हावयाचीच. ऊन तापलें कीं चुका वाढतात, आणि चूक निस्तरण्यांत मिळविलेल्या कर्बांतला कांहीं भाग पुनः हवेंत जातो. गहूं, भात, हरभरा यांचा हाच प्रकार आहे. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊंस यांनीं मात्र यावर तोड काढलेली आहे. त्यांच्या पानांतील शिरांभोंवतीं मोठ्या पेशींचें एक कडें असतें. बाहेरच्या पेशींत दुसरेंच एक विकर वायु चटकन पकडतें, त्याचें चार कर्बकणांचें आम्ल बनवितें, आणि तें आम्ल आंतल्या कड्यांत नेऊन तेथें वायु मोकळा केला जातो. त्यामुळें रुबिस्कोच्या भोंवतीं कर्बाम्ल वायूची इतकी दाटी होते कीं त्याला चूक करण्यास वावच मिळत नाहीं. उंसाच्या पानांतील ही रीति हवाई बेटांतील संशोधकांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली, आणि ब्रिस्बेन येथें हॅच व स्लॅक यांनीं १९६६ पासून तिचा पूर्ण उलगडा केला. आमच्या विषयापुरतें तात्पर्य इतकेंच कीं ज्वारीला दार थोडें किलकिलें ठेवूनहि पोट भरतां येतें. गव्हाला तें सताड उघडावें लागतें.

मग गव्हानें कोरड्या मुलखांत जावेंच कशाला? पण मनुष्य पीक नेतो तेव्हां पिकाची सोय पाहत नाहीं. ऑस्ट्रेलियांत युरोपीय वसाहतवाल्यांनीं आपल्या देशांतून गहूं नेला, आणि तेथील उन्हाळ्यानें तो दाणा भरण्यापूर्वींच करपून जाऊं लागला. या संकटांतून पहिली वाट काढली ती विल्यम फॅरर या गृहस्थानें. आपल्या लॅम्ब्रिग येथील शेतावर त्यानें वर्षानुवर्षें गव्हांचे संकर केले. १९०१ सालीं त्यानें जी ‘फेडरेशन’ नांवाची जात दिली, तिच्या पूर्वजांत इटावा नांवाचा एक भारतीय गहूंहि होता. आमच्याकडील गहूं लवकर पिकतो. उन्हाची झळ लागण्यापूर्वींच दाणा भरून मोकळें व्हावें, हा गुण त्या संकरांत फॅररनें भारतीय गव्हापासून घेतला. फॅरर १९०६ सालीं वारला, पण त्याची जात त्यानंतर कित्येक वर्षें त्या देशांत आघाडीवर होती. तरी ही युक्ति दुष्काळाला चुकविण्याची होती. आहे त्याच पाण्यांत अधिक दाणा काढणें ही गोष्ट निराळी, आणि तिला पाऊण शतकाहून अधिक काळ थांबावें लागलें.

थांबावें लागण्याचें कारण असें. ज्याला निवड करावयाची आहे त्याला मोजतां आलें पाहिजे. उंची डोळ्यांनीं दिसते, तांबेरा डोळ्यांनीं दिसतो, दाण्याचें वजन तागडींत कळतें. पण हजारों रोपांतून कोणत्या रोपानें पाणी काटकसरीनें वापरलें हें कसें ओळखावें? प्रत्येकाला झांकणाच्या डब्यांत घालून रोज तोलणें तर शक्य नाहीं. येथें कॅनबेरा येथील ग्रॅहॅम फर्कर यांच्या मदतीस एक अगदीं अनपेक्षित वस्तु आली. ती म्हणजे जड कर्ब.

हवेंतील सर्व कर्बकण सारख्या वजनाचे नसतात. शंभरांत सुमारें नव्याण्णव बारा वजनाचे, आणि एकाहून किंचित् अधिक तेरा वजनाचे. रासायनिक गुण दोघांचे एकच, फरक वजनाचा. रुबिस्कोला हलका कण पसंत असतो. आतां आठवडी बाजारांत वांगीं घेणाऱ्या एखाद्या चोखंदळ गृहिणीची कल्पना करा. सकाळीं पाटी भरलेली असते तेव्हां ती एकेक वांगें उलटून पाहते आणि किडकें बाजूस सारते. तिन्हीसांजेस पाटींत पांचच वांगीं उरलीं असलीं तर जीं मिळतील तीं पदरांत घेते. रुबिस्कोचें तंतोतंत तसेंच आहे. पानांत कर्बाम्ल वायु भरपूर असला तर तें जड कण टाकून देतें. वायूची टंचाई असली तर जड कणहि घेतें. आणि पानांत टंचाई केव्हां असते? रंध्रें आवळलेलीं असतात तेव्हां, किंवा आंतली भूक फार मोठी असते तेव्हां. दोन्ही वेळीं कमावलेल्या कर्बाच्या मानानें पाण्याचा खर्च कमी. म्हणजे ज्या गव्हांत जड कर्बाचें प्रमाण इतरांहून अधिक, त्यानें पाणी जपून वापरलें असें समजावें. पान असो वा दाणा, त्यांत मुरलेला कर्ब त्या झाडानें उन्हांत काढलेल्या दिवसांचा हिशेब स्वतःजवळ बाळगून असतो.

फर्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें गणित १९८२ सालीं मांडलें. १९८४ सालीं फर्कर व रिचर्ड रिचर्ड्स या दोघांनीं गव्हाच्या निरनिराळ्या जाती कुंड्यांत वाढवून, कुंड्या तोलून आणि कर्ब तपासून तें ताळ्यावर आणलें. कुंडीचा हिशेब आणि कर्बाचा हिशेब एकमेकांशीं जुळले. जातिजातींतील फरक हजारीं एकदोन अंशांचा असतो. पण तो अचूक दाखविणारीं यंत्रें आहेत, आणि त्यांना वाळवून दळलेल्या पानाची चिमूट पुरते. (याच युक्तीनें पुराणवस्तुशास्त्रज्ञ जुन्या सांगाड्यांच्या हाडांतील कर्ब तपासून त्या माणसांच्या अन्नांत मका होता कीं नव्हता हें सांगतात, कारण मका, ज्वारी यांची चार कर्बकणांची रीति जड कण फारसा टाकून देत नाहीं. तो विषय मोठा मनोरंजक आहे, पण आम्हांस येथें गव्हाकडेच वळलें पाहिजे.)

मोजमाप हातीं आलें म्हणजे जात हातीं आली असें मात्र नव्हे. क्वॅरियन नांवाच्या एका गव्हांत काटकसरीचा हा गुण चांगला होता. हार्टोग नांवाची दुसरी जात शेतकऱ्यांच्या पसंतीची होती. दोहोंचा संकर करून, त्याच्या प्रजेचा पुनः पुनः हार्टोगशीं संकर करीत आणि प्रत्येक पिढींत कर्ब तपासून निवड करीत संशोधक पुढें गेले. हा गुण कोणा एका जनुकावर अवलंबून नाहीं. पुष्कळ जनुकें प्रत्येकीं थोडथोडा हातभार लावतात, म्हणून निवडीचें काम जिकिरीचें झालें. अखेर २००२ सालीं ‘ड्रायस्डेल’ ही जात शेतकऱ्यांच्या हातीं पडली, आणि २००३ सालीं तिची बहीण ‘रीस’. पहिल्या प्रयोगापासून अठरा वर्षें! विज्ञानांतील शोध सकाळच्या वर्तमानपत्रांत वाचून सायंकाळीं शेतांत शोधणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. दोन्ही नांवें चित्रकारांचीं आहेत. रसेल ड्रायस्डेल यानें १९४४ च्या दुष्काळांत न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागांत हिंडून तेथील उजाड भूमीचीं चित्रें काढलीं होतीं, तेव्हां दुष्काळांत तग धरणाऱ्या गव्हाला त्याचें नांव देण्यांत औचित्य आहे खरें.

आणि फळ काय मिळालें? एकाच संकरांतून निघालेल्या काटकसरी व उधळ्या बहिणी शेजारीं शेजारीं पेरून पाहतां काटकसरीचा लाभ दोन टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत आढळला. पाऊस जितका कमी, तितका लाभ अधिक. पंधरा टक्के ऐकून कोणी नाक मुरडील. परंतु ज्या शेतांत मुळांत दहा पोतीं निघावयाचीं तेथें साडेअकरा निघालीं, तर वरचें दीड पोतें बियाण्याचें कीं सावकाराचें, हें ज्याचें त्यास कळतें.

इथवर गोष्ट सरळ आहे. पुढें ती वांकडी होते, आणि आमच्या मतें तिचें खरें मोल त्या वांकड्या भागांतच आहे.

कर्बाचा हिशेब काटकसर दाखवितो, पण काटकसरीचें कारण दाखवीत नाहीं. पानांत वायूची टंचाई दोन कारणांनीं होते हें वर सांगितलेंच. एका झाडांत रुबिस्को मुबलक असतें. तें आलेला वायु झपाट्यानें संपवितें, म्हणून टंचाई. हें कर्तबगार घर. दुसऱ्या झाडांत दारेंच अर्धवट मिटलेलीं असतात, म्हणून टंचाई. हें कृपण घर. जमाखर्चाच्या वहींत दोघांची शिल्लक सारखी दिसते. पण कृपणाच्या घरीं मुलें हाडकुळीं राहतात. रंध्रें आवळून बसणारा गहूं सावकाश वाढतो. चांगला पाऊस झाला त्या वर्षीं त्याचा उधळा शेजारी पाणी पिऊन, पसरून, त्याच्या पुढें निघून जातो. इतकेंच नव्हे, सावकाश वाढणाऱ्या पिकाच्या ओळींमध्यें माती उघडी राहते आणि त्या उघड्या मातींतून ऊन पाणी ओढून नेतें. झाडानें वाचविलें, तें सूर्यानें नेलें. म्हणून ज्या प्रांतांत पाऊस हिवाळाभर अधूनमधून पडत राहतो आणि मातीचा वरचा थर सदा ओला असतो, तेथें काटकसरी गव्हाचा फायदा फारसा दिसत नाहीं, कधीं तोटाहि दिसतो. जेथें पाऊस आधीं पडून गेलेला असतो आणि पीक केवळ सांठविलेल्या ओलीवर वाढतें, तेथें वाचविलेलें पाणी खोल मातींत सुरक्षित राहतें व पुढें दाण्याच्या कामीं येतें. इस्राएलमधील अब्राहम ब्लम या शास्त्रज्ञानें २००९ सालीं स्पष्टच लिहिलें कीं थेंबामागें कमाई किती हा आंकडा पूजण्यांत अर्थ नाहीं. पिकानें मिळेल तितकें पाणी मुळांनीं ओढून घेऊन तें सत्कारणीं लावावें हें खरें. आम्हांस वाटतें कीं हा वाद तत्त्वाचा नसून जमिनीचा आहे. कोणत्या शेतांत, पाऊस केव्हां पडतो, माती किती खोल, हें विचारल्यावांचून काटकसर चांगली कीं वाईट या प्रश्नास उत्तरच नाहीं.

जॉन पॅसिउरा या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानें १९७७ सालीं ही गोष्ट एका साध्या गुणाकारांत बसविली होती. झाडानें किती पाणी घेतलें, त्या पाण्यांत किती वजन मिळविलें, आणि त्या वजनांतलें किती दाण्यांत गेलें, या तिहींचा गुणाकार म्हणजे धान्य. यांतला तिसरा आंकडा बहुतांशीं पाण्याच्या वेळेवर ठरतो. फुलोऱ्याआधीं वापरलेलें पाणी पानें व ताट वाढवितें. फुलोऱ्यानंतरचें पाणी दाणा भरतें. कॅनबेराजवळच्या संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत फुलोऱ्यानंतर खोल मातींतून गव्हाला फक्त साडेदहा मिलिमीटर पाणी जास्त मिळालें, आणि तेवढ्यावर हेक्टरीं ६२० किलो धान्य वाढलें. म्हणजे मिलिमीटरमागें ५९ किलो. त्या देशांत साऱ्या हंगामाच्या पाण्याचा हिशेब केला तर उत्तम पिकासहि मिलिमीटरमागें २० किलोच्या वर मिळणें कठीण समजलें जातें. तेंच पाणी, तोच गहूं. वेळ तेवढी निराळी. पॅसिउरा व रिचर्ड्स यांनीं यावर एक गमतीची युक्तीहि केली. गव्हाच्या पहिल्या मुळांतील पाणी वाहणारी नळी साधारण ६५ हजारांश मिलिमीटर रुंद असते. तुर्कस्तानांतल्या एका जुन्या गव्हापासून त्यांनीं ती ५५ हून अरुंद असलेल्या जाती निवडल्या. नळी अरुंद म्हणजे सुरवातीस खोल मातींतलें पाणी हळू चढणार, आणि शेवटासाठीं उरणार. आमच्या आया रांजणाला बारीक तोटी कां बसवितात, तेंच हें.

आतां पुनः आपल्या सोलापुरी शेतांत येऊं. रब्बी ज्वारी हें सांठविलेल्या ओलीवर वाढणारें पीक आहे. म्हणजे ज्या परिस्थितींत काटकसर फळते, नेमक्या त्याच परिस्थितींतलें. शेतकऱ्याला हें ठाऊक आहे. जमीन भेगाळूं लागली कीं तो कोळपें घालून भेगा बुजवितो. ‘एक कोळपणी, अर्धें पाणी’ ही म्हण त्यांतूनच आली. बियाण्याच्या बाबतींतहि त्यानें पिढ्यान् पिढ्या निवड केलेली आहे. मोहोळ येथें मालदांडी ज्वारींतून निवडलेली एम ३५-१ ही जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतली. तिच्यानंतर कितीतरी सुधारलेल्या जाती आल्या, पण रब्बीच्या पट्ट्यांत तिचें नांव अजून निघतें. तिची भाकरी गोड, दाणा टपोरा, आणि कडबा उंच व जनावरांच्या आवडीचा. खरिपाच्या ठेंगण्या संकरित ज्वारीनें ज्या झपाट्यानें शेतें व्यापलीं तो झपाटा रब्बींत दिसला नाहीं, याचें एक कारण हा कडबा. संशोधक दाणा तोलतो; शेतकरी दाणा आणि वैरण दोन्ही तोलतो.

कांहीं ज्वारींचीं पानें शेवटच्या तहानेंतहि हिरवीं राहतात, बाकीच्यांचीं खालून वर करपत जातात. हिरवेपणा टिकविणारा हा गुण इथिओपियांतल्या एका जुन्या ज्वारींतून आलेल्या जातींत ठळक दिसला. प्रथम लोकांस वाटलें कीं या पानांत काहीं जादूचें सत्त्व असावें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथील अभ्यासांतून कळलें तें साधेंच होतें: हीं झाडें फुलोऱ्यापूर्वीं कमी फुटवे व कमी पानोळा धरतात, म्हणून पाणी कमी पितात, आणि तें शिल्लक राहिलेलें पाणी शेवटीं पानें हिरवीं ठेवतें. शेवटीं दिसणाऱ्या हिरवळीचें मूळ आरंभींच्या संयमांत होतें. हा गुण रब्बीच्या जातींत उतरविण्याचें काम हैद्राबादजवळ पटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेंत झालें आहे. पण तेथेंहि ताकीद तीच आहे. खोल काळ्या जमिनींत हा संयम दाणा वाढवितो. उथळ बरड जमिनींत, जेथें सांठाच हातभर आहे, तेथें वाचवावयाचें तरी काय?

पाण्याच्या बाजूनें इतकें. प्रकाशसंश्लेषणाची क्रियाच सुधारावी असाहि प्रयत्न चालू आहे, आणि त्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून लेख अपुरा राहील. भाताला ज्वारीसारखी चार कर्बकणांची रीति शिकवावी यासाठीं २००८ पासून अनेक देशांतले शास्त्रज्ञ झटत आहेत. पेशींची रचनाच बदलावयाची असल्यानें काम अवघड आहे आणि तसा भात अद्याप शेतांत आलेला नाहीं. अमेरिकेंत इलिनॉय येथें निराळी वाट धरली. कडक उन्हांत पान जादा प्रकाश उष्णतेच्या रूपानें टाकून देतें. ढग आला कीं हें टाकणें लगेच थांबावें, पण तें बराच वेळ चालूच राहतें आणि तेवढा प्रकाश फुकट जातो. हें थांबणें लवकर होईल अशी व्यवस्था केल्यावर तंबाखूचीं झाडें शेतांत सुमारें १४ ते २० टक्के अधिक वजनाचीं झालीं, असें १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१६ सालीं, जाहीर झालें. १९१६ चा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला आहे. ब्रिग्ज व शान्त्झ यांचे डबे त्या काळचे, आणि शंभर वर्षांत प्रश्न तोच राहिला आहे. तंबाखूचें पान वाढलें म्हणून गव्हाचा दाणा वाढेल असें मात्र कोणी धरून चालूं नये. पान हें कारखान्याचें आवार झालें. माल बाजारांत पोंचण्यास पुष्कळ वळणें ओलांडावीं लागतात.

डबे तोलण्याची ती जुनी रीतिहि संपलेली नाहीं. पटणचेरू येथें मातीनें भरलेल्या दोन दोन मीटर लांबीच्या शेंकडों नळ्या खड्ड्यांत ओळीनें उभ्या केलेल्या आहेत आणि त्यांत ज्वारी-बाजरी वाढविली जाते. यारीनें एकेक नळी उचलून तोलतात, म्हणजे त्या झाडानें कोणत्या आठवड्यांत किती पाणी घेतलें तें समजतें. बाजरीच्या ज्या जाती शेवटच्या दुष्काळांत दाणा भरूं शकल्या, त्यांनीं एकंदरींत पाणी कमी घेतलें होतें असें तेथें आढळलें नाहीं. त्यांनीं तें फुलोऱ्याआधीं कमी घेतलें होतें आणि फुलोऱ्यानंतर अधिक.